पदवीवाचून महाविद्यालय

कॅनडाच्या पश्चिमेकडच्या अल्बर्टा प्रांतात, एडमंटन शहरी, १९०८ साली विद्यापीठ स्थापन झाले. पुढच्याच वर्षी जॉन मॅकएकरन नावाचे तरुण प्राध्यापक तिथे तत्त्वज्ञान शिकवायला आले. जर्मनीत लायप्झिगला ते विल्हेल्म वुंट यांच्या हाताखाली शिकले होते. प्रायोगिक मानसशास्त्राची सुरुवात वुंट यांच्याच प्रयोगशाळेत झाली असे मानतात. मॅकएकरन यांनी एडमंटनमध्ये तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र या दोन्ही विषयांचे अध्यापन उभे केले, ते विद्यापीठाचे पहिले प्रोव्होस्ट झाले आणि त्यांच्या नावाने व्याख्यानमालाही चालली. याच गृहस्थांनी अल्बर्टाच्या सुप्रजनन मंडळाचे अध्यक्षपद मंडळाच्या स्थापनेपासून १९६५ पर्यंत सांभाळले. ‘मतिमंद’ ठरवलेल्या माणसांना मूल होऊ द्यायचे की नाही, याचा निकाल ते मंडळ देत असे. पुढे १९८७ साली त्याच विद्यापीठाने बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांना इतर विद्यार्थ्यांच्या शेजारी वर्गात बसवून घेतले. असे करणाऱ्या अगदी सुरुवातीच्या विद्यापीठांत त्याची गणना होते. या दोन गोष्टी सहसा वेगवेगळ्या प्रकरणांत सांगितल्या जातात. पहिली विज्ञान भरकटल्याची म्हणून, दुसरी समाज उदार झाल्याची म्हणून. मला त्या एकाच प्रकरणात वाचायला हव्यात असे वाटते. या मुलांना महाविद्यालयाचे दार बंद होते ते काही निसर्गाने लावलेले नव्हते. विद्यापीठातल्या शहाण्या माणसांनी एका मापाच्या भरवशावर ते लावून घेतले होते. आणि ते उघडले तेव्हा मुलांची बुद्धी वाढली होती असेही नाही. विद्यापीठाने स्वतःबद्दलची एक समजूत तेवढी बाजूला ठेवली.

अल्बर्टाचा नसबंदीचा कायदा १९२८ चा. मंडळावर चार सदस्य, आणि त्यांतल्या डॉक्टर सदस्यांची नावे सुचवण्यात विद्यापीठाच्या सिनेटला कायद्यानेच वाटा दिलेला. रेड डियर गावी १९२३ पासून सरकारी ‘प्रशिक्षण शाळा’ होती. तिथली मुले मंडळापुढे एकेक करून उभी केली जात आणि काही मिनिटांत निर्णय होई. सुरुवातीला त्या व्यक्तीची किंवा पालकाची संमती लागत असे. १९३७ च्या दुरुस्तीने ‘मतिमंद’ ठरलेल्यांच्या बाबतीत तीही अट काढून टाकली. १९७२ साली कायदा रद्द होईपर्यंत २,८०० हून अधिक माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. हा कायदा मागणारे कोण होते हे पाहिले की वाचणाऱ्याला अवघडल्यासारखे होते. त्यांत एमिली मर्फी आणि नेली मॅक्लंग होत्या, म्हणजे स्त्रिया कायद्याच्या दृष्टीने ‘व्यक्ती’ आहेत हे १९२९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडून वदवून घेणाऱ्या पाच जणींपैकी दोघी. शेतकरी स्त्रियांची संघटना होती, सुधारणावादी शेतकरी पक्षाचे सरकार होते. सनातन्यांनी लादलेली ही रूढी नव्हती. पुढारलेल्या, शिकलेल्या, समाजाचे भले चिंतणाऱ्या लोकांनी शास्त्राच्या नावाने ती आणली होती, आणि शास्त्राचा शिक्का विद्यापीठाकडे होता.

या शिक्क्याचे मूळ पॅरिसमधले. फ्रान्समध्ये शाळा सक्तीची झाल्यावर कोणत्या मुलांना जास्तीची मदत लागेल हे ओळखण्याची गरज पडली. १९०४ साली सरकारने त्यासाठी आयोग नेमला, आणि आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमाँ यांच्यासह १९०५ साली चाचण्यांची एक पट्टी तयार केली. बिने यांचा हेतू साधा होता: मागे पडणारे मूल शोधा आणि त्याला अधिक शिकवा. बुद्धी जन्मतः ठरते, ती वाढत नाही, असे म्हणणाऱ्यांशी त्यांनी जाहीर वाद घातला. मागे पडलेल्या मुलांसाठी लक्ष आणि स्मरण वाढवणारे व्यायामही आखले. १९११ साली ते वारले. हेन्री गोडार्ड यांनी तोपर्यंत ती पट्टी अमेरिकेत नेली होती. तिथे तिचा उपयोग उलटा झाला. मदत कोणाला द्यायची हे सांगणारे माप, कोणावर मेहनत फुकट जाईल हे सांगू लागले, आणि त्यातून आलेला बुद्ध्यंक कपाळावर लिहिल्यासारखा मानला जाऊ लागला. मापाचा असा गैरवापर विद्यापीठेच करत होती, तशी त्याची झाडाझडतीही कधीकधी विद्यापीठांतच होत असे. मराठी वाचकाला इरावती कर्वे परिचित आहेत. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर या वंशवादी मानववंशशास्त्रज्ञाकडे पीएच.डी. करत होत्या. कवटीच्या दोन बाजूंमधल्या असमानतेत वंशावंशांत फरक सापडेल अशी तिथली अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा फरक दिसत नाही असे प्रबंधात लिहून टाकले. मोजणे वाईट नसते. उत्तर आधीच ठरवून मोजणाऱ्यांनी घात केला.

अल्बर्टातला घात न्यायालयात उघडा पडला तो लीलानी म्युर यांच्या खटल्यात. १९५५ साली दहा-अकरा वर्षांच्या असताना त्यांना रेड डियरच्या शाळेत ठेवले गेले. चाचणीत बुद्ध्यंक ६४ आला आणि १९५९ साली, अपेंडिक्सचे ऑपरेशन आहे असे सांगून, त्यांची नसबंदी केली गेली. मोठेपणी पुन्हा चाचणी झाली तेव्हा त्यांची बुद्धी सर्वसामान्य मर्यादेत निघाली. १९९६ साली न्यायालयाने प्रांतिक सरकारला साडेसात लाख डॉलरच्या आसपास भरपाई द्यायला लावली. त्यानंतर दशक संपता संपता विद्यापीठातल्या तत्त्वज्ञान विभागाने मॅकएकरन यांचे नाव आपल्या व्याख्यानमालेवरून काढले. या खटल्याविषयी लिहिताना पुष्कळांचा भर एकाच मुद्द्यावर असतो: बाई मुळात मतिमंद नव्हत्याच, चाचणी चुकली. हा भर मला धोक्याचा वाटतो. चाचणी बरोबर आली असती तर शस्त्रक्रिया योग्य ठरली असती, असा त्याचा पुढचा अर्थ निघतो. अन्याय आकड्याच्या चुकीत शोधला की खरेच ६४ बुद्ध्यंक असलेल्या माणसाचा हक्क शिल्लकच राहत नाही. आणि हे सगळे फार दूरचे, थंड देशातले आहे असे समजण्याचे आपल्याला कारण नाही. म्युर यांच्या निकालाच्या दोनच वर्षे आधी, फेब्रुवारी १९९४ मध्ये, शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. मासिक पाळीच्या वेळी स्वच्छता राखता येत नाही, हे कारण सांगितले गेले. स्त्री संघटनांनी आवाज उठवल्यावर ते थांबले. तिथे कायदाही नव्हता आणि मंडळही नव्हते. सोय पाहणे पुरेसे होते.

आता १९८७. अल्बर्टात कायदा रद्द होऊन पंधरा वर्षे झाली होती. एडमंटनमधल्या काही आईबापांनी आपली मुले संस्थेत न पाठवता घरी वाढवली, आणि शाळांशी भांडून साध्या वर्गात बसवली. अमेरिकेतही १९७५ च्या कायद्याने सगळ्या अपंग मुलांना सरकारी शाळांचे दार उघडले होते. हवा एकूण त्या दिशेची होती. या मुलांनी अठरावे वर्ष गाठले तेव्हा एक प्रश्न उभा राहिला, जो विशेष शाळेत शिकलेल्यांच्या घरी कधी पडलाच नसता. बारा वर्षे ज्यांच्याबरोबर बाकावर बसलो ती सगळी मुले आता विद्यापीठात चालली. आपण कुठे जायचे? कायदेपंडितांनी किंवा शिक्षणतज्ज्ञांनी हा प्रश्न काढलेला नव्हता. शाळेतल्या सहवासानेच तो जन्माला घातला. पालक विद्यापीठात गेले, ‘ऑन कॅम्पस’ नावाचा उपक्रम सुरू झाला, आणि त्याची रचना इतकी साधी होती की तिचे महत्त्व चटकन ध्यानात येत नाही. प्रवेशाला गुणांची अट नाही. विद्यार्थ्याला कशाची ओढ आहे ते पाहून विषय निवडायचे: कोणाला इतिहास, कोणाला नाटक, कोणाला प्राणिशास्त्र. मग उपक्रमाचा समन्वयक त्या प्राध्यापकाकडे जाणार, विचारणार, आणि प्राध्यापक हो म्हणाले तर विद्यार्थी त्या तासांना श्रोता म्हणून बसणार. अभ्यासक्रमातले काय त्याच्या आवाक्यात आहे हे समन्वयक आणि प्राध्यापक मिळून ठरवणार. निबंधाऐवजी तो छायाचित्रांचा तक्ता करेल, वीस पानांच्या वाचनाऐवजी दोन पाने. समन्वयकाने शक्यतो वर्गात त्याला चिकटून बसायचे नाही, कारण शेजारी मोठा माणूस बसला की वर्गातली मुले त्याच्याशी बोलत नाहीत. दर वर्गात असे एक किंवा दोघेच, झुंड नाही. बाकी कँटीन, ग्रंथालय, मंडळे, खेळ, उन्हाळ्यातली नोकरी हे सगळे इतरांसारखेच. आणि ते सगळे मिळून चार वर्षे.

यात कळीची गोष्ट कोणती? माझ्या मते, वर्ग आणि परीक्षा यांची गाठ सोडवणे. अपंग विद्यार्थ्यांसाठी उच्च शिक्षणात तोवर जे काही झाले होते ते परीक्षेच्या चौकटीतच झाले होते. अंध विद्यार्थ्याला लेखनिक, कर्णबधिराला दुभाषी, हात न चालणाऱ्याला वाढीव वेळ. या सवलतींचा हिशेब असा की अडथळा काढला की उमेदवार इतरांइतकाच लायक ठरतो. तो हिशेब योग्यच आहे, पण बौद्धिक अक्षमतेपाशी तो थांबतो, कारण इथे परीक्षाच मुळात अडथळा आहे, आणि ती काढली तर लायकी कशाने मोजायची हे विद्यापीठाला सुचत नाही. एडमंटनच्या पालकांनी लायकी मोजूच नका असे सुचवले. पदवी मागितली नाही, गुण मागितले नाहीत, वर्गातली जागा मागितली. अमेरिकेने हाच मार्ग पुढे कायद्यात घातला. तिथल्या २००८ च्या उच्च शिक्षण कायद्याने शाळेचे नेहमीचे प्रमाणपत्र नसलेल्या बौद्धिक अक्षमतेच्या विद्यार्थ्यांनाही सरकारी अनुदान मिळण्याची सोय केली. कर्ज मात्र नाही. अट अशी की कार्यक्रमाचा निदान निम्मा वेळ त्यांनी इतर विद्यार्थ्यांबरोबर घालवला पाहिजे. २०१० साली २७ संस्थांना प्रायोगिक निधी मिळाला, आज तिथे असे तीनशेहून अधिक कार्यक्रम आहेत. अमेरिकेच्या ‘निम्मा वेळ’ या तडजोडीने काही ठिकाणी महाविद्यालयाच्या आवारातच एक वेगळी विशेष शाळा उभी राहिली, हे तिथले टीकाकार सांगतात आणि ते खरे आहे. अल्बर्टाने वेगळा वर्ग काढलाच नाही. उलट अल्बर्टात हक्क नाही, प्राध्यापकाची आणि संस्थेची मर्जी आहे. आणि जवळजवळ चाळीस वर्षांनंतर, प्रांतातल्या वीसहून अधिक संस्थांत हा उपक्रम पसरूनही, एकेका संस्थेतले विद्यार्थी मोजकेच आहेत. मर्जीवर चालणारी गोष्ट गोड असते आणि लहान राहते.

आक्षेप दोन टोकांकडून येतात. एक टोक म्हणते, यामुळे पदवीची किंमत उतरते. त्याला उत्तर सोपे आहे: पदवी दिलीच जात नाही. पण हेच उत्तर ऐकून दुसरे टोक उठते आणि म्हणते, मग ही फसवणूक आहे. चार वर्षे बसवले, शेवटी हातात सहभागाचा कागद. आईबापांच्या समाधानासाठी मुलाला महाविद्यालयाचा खेळ खेळायला लावला. हा आक्षेप जास्त गंभीर आहे. त्याला मिळणारे रोजचे उत्तर नोकरीच्या आकड्यांचे असते: अमेरिकेत असे कार्यक्रम पूर्ण केलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण वर्षभरात पगारी कामाला असतात, आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या एकूण प्रौढांमध्ये हे प्रमाण त्याच्या बरेच खाली आहे. आकडा उत्साह देणारा आहे, पण त्यावर फार टेकू नये. महाविद्यालयापर्यंत पोचणाऱ्या मुलांची घरे मुळात खटपटी असतात, अनेकदा सुस्थितीतली असतात, आणि मुलेही त्यातल्या त्यात स्वतंत्र असतात. फरकातला किती वाटा महाविद्यालयाचा आणि किती घराचा, हे अशा तुलनेतून निघत नाही. मला वेगळे उत्तर पटते. वर्गात बसून न शिकलेला पदवीधर आपण खपवून घेतो, कारण परीक्षेने त्याला पास केले आहे. मग परीक्षेवाचून वर्गात बसलेला माणूस काहीच शिकला नसेल हे गृहीत धरायला आधार काय? प्राणिशास्त्राच्या तासाला बसलेल्या मुलीला पेशींचे विभाजन कळले नसेल, पण बेडकाच्या पिल्लाला शेपूट का असते हे कळले असेल, आणि प्रश्न विचारायचा असतो हेही. ते मोजायचे तर तिच्यासाठी आखलेल्या उद्दिष्टांवर मोजता येते. मोजमापाला विरोध नाहीच. बिने यांनाही नव्हता.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: एवढा पैसा आणि माणूसबळ कौशल्य शिकवण्यात घाला, निदान पोटाला लागेल. आपल्याकडे नेमके हेच झाले आहे. मुंबईत १९४१ साली चिल्ड्रन्स एड सोसायटीने मानखुर्दला मतिमंद मुलांसाठी गृह काढले, १९४४ साली जय वकील शाळा सुरू झाली, पुण्यात १९६४ साली कामायनी. ही मोठी कामे आहेत. त्यांच्याआधी ही मुले घराच्या मागच्या खोलीत असत. या परंपरेतून विशेष शाळा आणि शाळेला जोडून कार्यशाळा असा ठरलेला मार्ग तयार झाला. अठराव्या वर्षानंतर मेणबत्त्या, पणत्या, कागदी पिशव्या, राख्या. दिवाळीला प्रदर्शन लागते, वस्तू कौतुकाने विकत घेतल्या जातात, आणि बनवणारा दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खोलीत त्याच दहा जणांबरोबर बसतो. नोकरी बहुतेकांना ओळखीतून लागते, हे कोणत्याही मराठी घरात सांगावे लागत नाही. ओळखी आपल्या वयाच्या, पुढे दुकानदार, अधिकारी, शेजारी होणाऱ्या माणसांत व्हाव्या लागतात. कार्यशाळेत त्या होत नाहीत. कौशल्य विरुद्ध महाविद्यालय अशी मांडणी करणारा हे विसरतो की इतर मुलांना आपण दोन्ही देतो आणि त्यांना कधी निवड करायला लावत नाही.

तरीही अल्बर्टातली कल्पना इथे रुजायला एक खास अडचण आहे, आणि ती आपल्या विद्यापीठांच्या जन्मात आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे परीक्षा घेणारी संस्था म्हणून. शिकवायचे महाविद्यालयांनी, विद्यापीठाने प्रश्नपत्रिका काढायच्या आणि पदव्या द्यायच्या. विद्यापीठाने स्वतः शिकवावे ही तरतूद १९०४ च्या कायद्याने आली. पाया घातला गेला तो परीक्षेचा, आणि तो इतका खोल गेला की ‘बाहेरून’ परीक्षेला बसणे आपल्याला पूर्ण प्रतिष्ठित वाटते. वर्षभर वर्गाचे तोंड न पाहता मिळालेल्या पदवीचे कोणाला नवल नाही. याच्या उलट, म्हणजे वर्गात बसायचे आणि पदवी घ्यायची नाही, हे ऐकले की कपाळाला आठ्या पडतात. दारे उघडण्याचे मोठे प्रयत्नही याच पायावर झाले. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने बारावी न झालेल्यांना पूर्वतयारीच्या शिक्षणक्रमातून आत घेतले, हजारो गृहिणी आणि कामगार पदवीधर झाले. पण शेवटी परीक्षा होतीच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के जागा राखल्या, आणि कायद्याने मानलेल्या अपंगत्वांत बौद्धिक अक्षमताही आहे. त्या जागेपर्यंत जाणारा जिना मात्र बारावी उत्तीर्ण होण्याचाच. मोफत शिक्षणाची हमी तोच कायदा अठराव्या वर्षापर्यंत देतो.

परीक्षेवाचून शिकवण्याची आठवण आपल्या विद्यापीठांत अजिबात नाही असे मात्र नव्हे. मुंबई आणि पुणे विद्यापीठांचे बहिःशाल विभाग अशीच व्याख्याने देत आले. पुण्याची जयकर व्याख्यानमाला गावोगावच्या महाविद्यालयांत भरते, ऐकायला कोणीही यावे, गुणपत्रिका नाही. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात ‘ऑडिट कोर्स’ हा शब्द रुळून गेला आहे. म्हणजे श्रोता म्हणून बसणारा विद्यार्थी नियमांना ठाऊक आहे, फक्त त्या नियमाने कोणाला आत घ्यायचे याचा विचार झालेला नाही. जागाच नाहीत, हे म्हणणे प्रयोगशाळेच्या विषयांना लागू पडते. तिथे एका मुलाचे टेबल म्हणजे दुसऱ्याचे टेबल. कला शाखेच्या तासांना ते कसे लावायचे, हे ७५ टक्के हजेरीसाठी दर सत्राला डिफॉल्टर यादी लावणाऱ्या प्राचार्यांनी सांगावे. शिक्षकांना प्रशिक्षण नाही हे खरे आहे, एडमंटनच्या प्राध्यापकांनाही नव्हते. त्यासाठीच समन्वयक होता. अतितीव्र अक्षमता असलेल्या, चोवीस तास सोबत लागणाऱ्या मुलांना याचा उपयोग थोडा, हेही मान्य करावे लागते, आणि त्यांच्या वाट्याचा पैसा इकडे वळता कामा नये. उरतो खर्च. अल्बर्टात समन्वयकांचा पगार मुख्यतः उच्च शिक्षणाच्या अंदाजपत्रकातून येत नाही, बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसाठी प्रांताचा जो निधी आहे त्यातून येतो: हा माणूस घरी बसला असता किंवा संस्थेत राहिला असता तरी सरकारने त्याच्यावर खर्च केलाच असता, तो महाविद्यालयात करा, असा त्यामागचा हिशेब. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. एखाद्या महाविद्यालयाने उद्या असा एक समन्वयक नेमायचे ठरवले, तर त्याचे वेतन या विभागाने द्यायचे की उच्च व तंत्रशिक्षण विभागाने, इथून वाद सुरू होईल.